मांडीएवढी जागा

रायगड जिल्ह्याच्या हद्दीत मोठा विमानतळ सुरू झाला तो 2025 साली. 8 ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. त्याआधी पेण-रोह्याच्या माणसाला विमान गाठायचं म्हणजे पनवेल, वाशीची खाडी आणि पुढे मुंबईची गर्दी ओलांडून सहारपर्यंत जावं लागे. आता पनवेलच्या उंबरठ्यावरच विमान उभं असतं. लेक बंगळुरूला, मुलगा दिल्लीला, भाऊ दुबईला अशी घरं या दोन गावांत आळीआळीला आहेत. गणपतीला, मे महिन्यात, लग्नसराईत कडेवर मूल घेऊन विमानात चढणारे आईबाप इथे आता नेहमीचे होतील. आजी-आजोबाही बरोबर असतील. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्यांसाठीही.

विमानात लहान मूल रडलं की आईचा चेहरा पडतो. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटतं. मग ती घाईघाईने हातात मोबाइल देते, नाहीतर दटावते. दोन्हीने थोडा वेळ भागतं आणि मग रडं दुप्पट होतं. मूल का रडतंय हे ठाऊक असेल, तर त्यातलं बरंचसं रडं टाळता येतं. आणि मुलाला रमवण्याची जी साधनं लागतात, त्यांतली बहुतेक आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहेत.

आधी रस्त्याचं बघू. रोह्याहून निघालेलं मूल विमानात बसतं तेव्हा त्याचा प्रवास सुरू होऊन कितीतरी वेळ झालेला असतो. नागोठणे, वडखळ, पेण, मग पनवेल. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं आणि वडखळच्या कोंडीने कोकणी माणसाच्या किती सणांचा खोळंबा केला, हे वेगळं सांगायला नको. गाडीत बांधल्यासारखं बसून आलेलं, कदाचित ओकारी काढलेलं, अर्धवट झोपलेलं मूल विमानतळाच्या रांगांत उभं राहतं. त्याच्याकडून पुन्हा दोन तास स्थिर बसण्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून तासभर लवकर निघावं आणि तो हाती आलेला तास विमानतळावर मुलाला धावू देण्यात घालवावा. गेटजवळ रिकामी जागा बघून त्याला पळू द्यावं, काचेतून विमानं दाखवावीत, पायऱ्या चढू-उतरू द्याव्यात. लहान मुलांना आधी चढण्याची सवलत विमान कंपन्या देतात. ती एकाच मोठ्या माणसाने घ्यावी, पिशव्या वर ठेवाव्यात, सीट पुसून घ्यावी. दुसऱ्याने मुलाला बाहेर मोकळं ठेवून अगदी शेवटी चढावं. पट्ट्याखाली बसायचा वेळ त्यामुळे बराच कमी होतो.

विमानप्रवासाची रंगीत तालीम रेल्वेतही करता येते. दिवा-रोहा गाडीत पनवेलला बसावं: सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण. मुलाला सांगावं की आज आपण आपल्याच जागेवर बसून जायचं, मांडी घालून, आवाज हळू. खिडकी आहे, वारा आहे, पोहोचायला फार वेळ लागत नाही. मूल कुठल्या टप्प्यावर कंटाळतं, कशाने रमतं, किती वेळाने शू लागते हे आईला कळतं आणि मुलालाही जागेवर बसण्याचा खेळ माहीत होतो. आदल्या रात्री प्रवासाची गोष्ट क्रमाने सांगितली तर आणखी बरं. आधी बॅग यंत्रातून जाणार, मग तुझी बाहुलीही यंत्रातून जाणार आणि पलीकडे परत मिळणार. सुरक्षा तपासणीत आवडतं खेळणं पट्ट्यावरून नाहीसं झालं की मुलं जे रडं काढतात ते थांबता थांबत नाही, आणि ते या एका वाक्याने टळतं.

आता शरीराचं. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. तरी ती जमिनीवरच्या हवेइतकी दाट नसते. साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीच्या ठिकाणी असावी तशी असते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटरचं. म्हणजे पेणच्या भोगावतीच्या किंवा रोह्याच्या कुंडलिकेच्या काठावर, समुद्रसपाटीला वाढलेलं मूल अर्ध्या तासात कळसूबाईच्याही वर जातं आणि नंतर तितक्याच वेळात खाली येतं. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. बाहेरचा दाब बदलला की तिच्यातून हवा आत-बाहेर होऊन दोन्ही बाजू सारख्या होतात. लहान मुलात ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे ती पटकन उघडत नाही. विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि ठणका लागतो. चढताना हा त्रास कमी असतो, उतरताना जास्त.

गिळताना ती नळी उघडते. तान्ह्याला उतरताना अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी, शक्यतो उभट धरून. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट द्यावेत. कळतं वय असेल तर गोळी चघळायला द्यावी. झोपेत माणूस कमी गिळतो, म्हणून उतरण सुरू झाली की तान्ह्याला हळूच जागं करावं. हे आईच्या जिवावर येतं, मला कल्पना आहे, पण नाहीतर मूल कानाच्या कळेनेच उठतं. वैमानिक उतरण्याची घोषणा करतो तेव्हा जमिनीला टेकायला साधारण वीस-तीस मिनिटं असतात. बऱ्याच आया चढल्याबरोबर सगळं दूध संपवतात आणि नेमकी गरज असते तेव्हा पोरगं पोट भरल्याने तोंड फिरवतं. थोडं दूध राखून ठेवावं. सर्दी झाली असेल किंवा कान फुटला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

केबिनची हवा कोरडीही असते. आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. कोकणच्या दमट हवेतल्या मुलाचं नाक आणि ओठ तिथे लगेच सुकतात, तहान लागते, आणि बोलता न येणारं मूल ती तहान रडूनच सांगतं. पाणी मागण्याची वाट न बघता देत राहावं. अंगावर एक सुती पांघरूण असावं, कारण आत थंडी असते.

झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजण्याची एक चाल ऐकू येते. ती पूर्णपणे सोडून द्यावी. अशा औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी उलट जास्त बेचैन होतात, आणि लहान वयात श्वासाला धोकाही असतो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या जोडीचं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिलेला आहे. शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून मुलाला औषधाने झोपवायचं नसतं.

कान, तहान, भूक, लंगोट, थंडी, झोप. मूल रडलं की या क्रमाने बघत जावं. यांतलं काही नसेल, तरच ते कंटाळलेलं आहे असं समजावं. करमणुकीचा नंबर इथे लागतो, आणि या प्रकरणातली मला सर्वांत जिव्हाळ्याची गोष्टही हीच आहे.

पेण-रोह्याची मुलं विमानात बसली ती काही आजकाल नव्हे. या भागात बेने इस्रायली समाज शतकानुशतकं राहिला. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं इथल्याच मातीतली. पेणला आणि कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीला त्यांची प्रार्थनास्थळं आहेत. 1948 साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत यांतली बहुतेक घरं मुंबईमार्गे तिकडे निघून गेली, त्यांतली बरीच विमानाने. प्रवासाला निघताना किंवा नवस फेडताना हा समाज मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वर फळं. पेणच्या पोह्यांचं नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा घास परका वाटणार नाही. त्या घरांतल्या मुलांच्या कानावर विमानात कुठली भाषा पडत होती, हे सांगायला कुणाच्या साक्षीची गरज नाही. ही माणसं घरात मराठी बोलत होती, आणि इस्रायलमध्ये पुढे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. पडदा आणि हेडफोन नसलेल्या त्या विमानांत मांडीवरच्या पोराला रमवायला बोटं, टाळ्या आणि आवाज एवढंच होतं.

आपल्या आज्यांचे खेळ बघा. आपडी-थापडी खेळायला काय लागतं? दोन मांड्या आणि चार तळवे. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट धरून त्याला नाव द्यायचं आणि शेवटी काखेपर्यंत बोटांनी चालत जाऊन गुदगुल्या करायच्या, या खेळाला एक हात पुरतो. तळहातावर मोर बसवायचा, त्याला दाणा-पाणी द्यायचं आणि भुर्र उडवायचा, यालाही तेवढंच. हे खेळ मोठ्या अंगणात जन्मले नाहीत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, बाळंतिणीच्या खोलीत, बैलगाडीत, लाँचच्या फळीवर, जिथे मूल मांडीवरून उतरवता येत नाही अशा ठिकाणी ते खेळले गेले. विमानाची सीट नेमकी तशीच जागा आहे. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत साधारण 30 इंच. दोन वर्षांखालच्या मुलाला बहुधा स्वतंत्र सीट नसते. ते मोठ्यांच्या मांडीवर, वेगळ्या छोट्या पट्ट्यात बसतं. या मांडीएवढ्या जागेत मूल खरोखर रमतं ते चेहरा, बोटं आणि हळू आवाज यांच्यात. दुकानातून आणलेल्या खेळण्यांनी पिशवी भरण्याआधी घरच्या आजीकडून दोन-चार खेळ पुन्हा शिकून घ्यावेत.

हे खेळ हळू आवाजात खेळता येतात, ही त्यांची आणखी एक मोठी सोय. उडत्या विमानात सतत 80 ते 85 डेसिबलच्या आसपास घरघर चालू असते. त्या घरघरीत कानाशी कुजबुजलेली गोष्ट पुढच्या सीटलाही ऐकू जात नाही. याउलट बारीक, तीक्ष्ण आवाज सगळं चिरत जातो. मुलाची किंकाळी तशीच, आणि बटण दाबलं की वाजणारं खेळणंही तसंच. म्हणून वाजणारं काही आणू नये. घरंगळणारं आणू नये: गोट्या, सागरगोटे, गोल पेन्सिली. एकदा का गोटी सीटखाली गेली की आईला पट्टा सोडून वाकावं लागतं आणि तीन रांगांतली माणसं पाय वर घेऊन बसतात. पुष्कळ तुकड्यांचं, उग्र वासाचं, चिकटणारं हेही घरीच राहू द्यावं.

रुमालाचा उंदीर ज्याला करता येतो त्याने विमानात निर्धास्त बसावं. साधा सुती रुमाल कोपऱ्यावर दुमडायचा, गुंडाळायचा, उलटायचा, शेपूट ओढायची. मग तो हातावर बसतो आणि मधल्या बोटाच्या टिचकीने दंडावर पळतो. मूल हसतं, उंदीर सोडवतं, पुन्हा करायला सांगतं. तीन-चार वर्षांचं मूल हा उंदीर स्वतः करायला धडपडतं आणि त्या धडपडीत मोठा वेळ निघून जातो. दोरा बोटांत अडकवून करायचे आकारही तसेच. आजीच्या हातची गोधडी असेल तर ती घ्यावीच. थंडी वाजते तेव्हा पांघरायला होते, आणि जागं असताना तिच्यावर बोट ठेवत ठिगळागणिक एक गोष्ट होते: हे आजीचं लुगडं, हा बाबांचा शाळेचा शर्ट, हा आत्याचा फ्रॉक. मुलाच्या नाकाला तिचा वास ओळखीचा असतो, आणि अनोळखी जागी त्याला त्याची फार गरज असते.

पेणच्या मुलांना ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट मोठ्यांनी वापरावी. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असते तेव्हा उंबऱ्याशी उभं राहिलेलं मूल मुकाट होतं. त्याला कुणी गप्प बस म्हटलेलं नसतं. कुशल हात मन लावून काम करतो आहे, ते बघण्यात ते बुडून गेलेलं असतं. विमानात मुलाला ‘हे बघ, हे खेळ’ असं म्हणत एकामागून एक वस्तू पुढे करण्यापेक्षा, आपणच काही करायला घ्यावं, सावकाश आणि मनापासून. कागदाची होडी करावी, वहीत बैलगाडीचं चित्र काढावं, मीठ आणि तेल घालून घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्याचा उंदीर, सोंड, मोदक करावा. मूल आधी बघेल, मग हात पुढे करेल. हात पुढे केल्यावर त्याला करू द्यावं, सुधारत बसू नये. कणकेचा गोळा लिंबाएवढा पुरतो आणि डबीत बंद ठेवता येतो. पेण-हमरापूरच्या मूर्ती परदेशात जायच्या त्या काही महिने आधीच कंटेनरमधून समुद्रमार्गे निघतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातवंडांना आजीने विमानात बसून कणकेचा गणपती करायला शिकवला, तर त्या मूर्तीशी त्यांची ओळख आधीच झालेली असेल.

चार वर्षांपुढच्या मुलांसाठी वही आणि पेन्सिल असली की निभावतं. फुली-गोळा, ठिपके जोडून घरं करण्याचा खेळ, नाव-गाव-फळ-फूल. पत्त्यांत भिकार-सावकार चालतो, पण हळू टाकायचे पत्ते, आपटायचे नाहीत. अंताक्षरी मात्र नको. गाण्याचा आवाज वाढत जातोच, आणि शेजारच्या माणसाला त्या गाण्यात बसायचं आहे की नाही हे कुणी विचारलेलं नसतं.

मोबाइलविषयी माझं मत असं. दोन वर्षांखालच्या मुलाला व्हिडिओ कॉलखेरीज पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच वयाला दिवसाला फार तर एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली जवळपास हेच सांगितलं. पंधरा-सोळा तासांच्या अमेरिकेच्या उड्डाणात पाच वर्षांच्या मुलाने एकाऐवजी दोन चित्रपट बघितले म्हणून आईने मनाला लावून घेऊ नये. पण पडदा हा पहिला उपाय नसावा, शेवटचा असावा. चढल्याबरोबर दिला तर तासाभरात त्याची जादू संपते आणि हातात काही उरत नाही. हेडफोनशिवाय तर कधीच लावू नये. कार्टूनचा तो चिरका आवाज ऐकायला लावणं ही सहप्रवाशांवर जबरदस्ती आहे. हेडफोन लहान मुलांचा, आवाजाला मर्यादा असलेला घ्यावा. विमानाच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला जातो आणि कोवळ्या कानांना इजा होते. मूल हेडफोन डोक्यावर ठेवत नसेल तर आवाज बंद करून चित्रं दाखवावीत आणि गोष्ट आपण सांगावी.

खाऊची निवडही जपून करावी. पेणचे भाजके पोहे वाटीत थोडेथोडे घालून एकेक उचलायला दिले, तर हातालाही काम मिळतं आणि पोटालाही आधार होतो. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू चार-पाच वर्षांखाली देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि आकाशात असताना दवाखाना जवळ नसतो. सुकट-बोंबलाचा डबा, लसणाची चटणी, पिकलेला फणस यांचा वास बंद केबिनमध्ये घोटाळत राहतो, म्हणून तो बेत घरी पोहोचल्यावर करावा. तान्ह्यासाठी लागणारं दूध आणि बाळाचं खाणं परदेशी उड्डाणातही द्रवपदार्थांच्या 100 मिलिलिटरच्या मर्यादेपलीकडे नेऊ देतात. तपासणीत ते आपणहून बाहेर काढून दाखवावं.

मूल पुढच्या सीटला लाथा मारतं, ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. हे समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या माणसाचे गुडघे सीटच्या कडेला दुमडतात आणि पाय खाली जातात. तीन वर्षांच्या मुलाचे गुडघे कडेपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याचे पाय सरळ पुढे राहतात आणि तळवे थेट पुढच्या सीटच्या पाठीला टेकतात. ते हललं की लाथ बसते, त्याच्या मनात काही नसतानाही. त्याचे बूट काढावेत आणि त्याला मांडी घालून बसायला शिकवावं. मांडी घातलेल्या मुलाचा पाय कुणाला लागत नाही. जेवायला पाटावर मांडी घालून बसणारं मूल हे सहज करतं. समोरचं टेबल उघडणं-मिटणं हाही मुलांना खेळ वाटतो, पण तो प्रत्येक धक्का पुढच्याच्या पाठीत बसतो. ते टेबल खाण्यापुरतंच उघडावं.

बसल्या बसल्या शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलावेत. “काका, लहान आहे हो, पाय लागला तर लगेच सांगा,” किंवा “काकू, तिचे कान दुखले तर थोडी रडेल, सांभाळून घ्या.” एवढ्याने समोरचा माणूस तक्रारदार राहत नाही, घरातला होतो. 2019 साली सोलहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या एका आईने तान्ह्या बाळाच्या वतीने विमानातल्या सुमारे 200 लोकांना गोळ्या आणि कानात घालायचे बोळे असलेल्या पिशव्या वाटल्या होत्या. जगभर तिचं कौतुक झालं. मला त्या आईबद्दल माया वाटते, पण तो रिवाज होऊ नये असंही वाटतं. बाळ घेऊन प्रवास करणं हा काही आगाऊ माफी मागण्याचा गुन्हा नाही.

याच संदर्भात विमान कंपन्यांचे काही निर्णय लक्षात घ्यायला हवेत. इंडिगोने 2016 साली आपल्या विमानांतल्या काही रांगा शांत विभाग म्हणून ठेवल्या आणि बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे बसण्यास मनाई केली. त्यावर देशभर उलटसुलट बोललं गेलं. जपान एअरलाइन्सने 2019 मध्ये सीट निवडताना बाळ कुठे बसलं आहे याची खूण दाखवायला सुरुवात केली. ज्याला निवांतपणा हवा त्याने ती खूण बघून दूर बसावं, ही मला अधिक माणुसकीची वाट वाटते. तिथे बाळाला कुणी हटकत नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकिटावरच्या आई, बाबा किंवा पालकांपैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्यावी. तरीही जागा लांब पडल्या, तर चढण्याआधीच काउंटरवर सांगावं. विमानात कुणाला जागा बदलायला सांगायचीच वेळ आली, तर आपण देत असलेली सीट त्याच्या सीटइतकी किंवा तिच्याहून चांगली असावी. खिडकीची जागा घेऊन मधली देणं आणि वर नाराज होणं शोभत नाही.

शेजाऱ्यांचंही कर्तव्य असतं. रडणाऱ्या मुलाकडे टक लावून बघू नये, चुकचुकू नये. गालगुच्चा घेऊ नये, आईला न विचारता चॉकलेट देऊ नये, गोंडस दिसतं म्हणून फोटो काढू नये. एकट्या आईला पाणी प्यायचं असेल, शौचालयात जायचं असेल, तर “द्या माझ्याकडे, मी बसते घेऊन” असं म्हणणारी एखादी बाई भेटते तेव्हा त्या आईला काय वाटतं, हे तिलाच माहीत. एसटीत आपण अनोळखी मूल मांडीवर घेत आलो आहोत. विमानाचं तिकीट महाग म्हणून ती रीत सोडायचं कारण नाही.

मुलाला धाक घालताना “गप्प बस, नाहीतर त्या बाई ओरडतील” असं केबिन क्रूकडे बोट दाखवून कधीही म्हणू नये. संकटाच्या वेळी त्याच बाईंचा हात धरून त्याला बाहेर पडायचं असतं. त्यांची भीती घातली तर तो हात मूल धरणार नाही. सुरक्षेच्या आणखी दोन-तीन गोष्टी: मूल कितीही गाढ झोपलं तरी त्याला सीटसमोर जमिनीवर झोपवू नये. हवेच्या धक्क्यात ते आपटतं, आणि वरून खाली येणारा ऑक्सिजनचा मुखवटा तिथपर्यंत पोहोचत नाही. तो मुखवटा आधी मोठ्याने लावायचा, मग मुलाला, कारण मोठा माणूस बेशुद्ध पडला तर मुलाला लावणार कोण? मुलाला मार्गिकेच्या बाजूला बसवू नये, कारण चहाचा गरम कप त्याच्याच डोक्यावरून पुढे जातो. लांबच्या उड्डाणात बाळाचा पाळणा हवा असेल तर तिकीट काढतानाच सांगावं. तो मोठ्या विमानांत समोरच्या भिंतीला लावतात, त्या जागा मोजक्याच असतात आणि बाळाच्या वजनाला मर्यादा असते.

आणि सगळं करूनही मूल रडलंच तर? रडेल. अशा वेळी पट्ट्याची खूण बंद असेल तर त्याला उचलून मागच्या बाजूला, क्रूच्या कामाच्या जागेजवळ न्यावं. त्यांना विचारून तिथे उभं राहावं, खांद्यावर घेऊन एकाच संथ लयीत थोपटावं. दिवे, माणसं, खेळणी, खाऊ सगळं एकदम समोर आणू नये. थकलेल्या मुलाला आणखी काही दाखवणं म्हणजे त्याला आणखी थकवणं आहे. आई दमली असेल तर बाबांनी उठावं. बाबा शांतपणे चित्रपट बघताहेत आणि आई तासभर फेऱ्या मारते आहे, हे दृश्य विमानांत फार दिसतं आणि ते बदलायला हवं.

विमान टेकलं की सगळे एकदम उभे राहतात आणि वरचे कप्पे उघडतात. मुलाला तेव्हा बसूनच ठेवावं, कारण त्या गर्दीत पिशव्या त्याच्याच उंचीवर येतात. तेवढ्या वेळात सीटवरचा चुरा कागदात गोळा करावा, सीटच्या खिशात रुमाल, पेन्सिल, बाहुली राहिली आहे का ते चाचपावं. बाबागाडी विमानाच्या दारात परत मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे चढतानाच विचारून ठेवावं. पट्ट्यावर मिळणार असेल, तर तिथपर्यंत झोपलेलं मूल कोणी उचलायचं आणि पिशव्या कोणी घ्यायच्या, हेही तेव्हाच ठरवून टाकावं.